पंख्याखाली घेतलेली चाचणी

९ जानेवारी

धाकट्या,

काल तुझी मुलगी दुकानात आली होती. चार तास बसने, बाळाला छातीशी बांधून. मी ओळखलंच नाही. टेबलावरून मान वर न करता नेहमीसारखा खेकसलो, "काय दुरुस्त करायचंय?"

ती म्हणाली, "मोठे काका, बाबांना."

मग चष्मा वर केला आणि बघितलं. नाक तुझं आहे, बोलणं तिच्या आईचं. आपली बिट्टी एका मुलीची आई झाली आणि मला ते ती दारात उभी राहिल्यावर कळलं, यात दोष कोणाचा ते सोड. तिने तुला सांगू नका म्हटलं होतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही, तुला ठाऊकच आहे, म्हणून दुसऱ्याच दिवशी लिहायला बसलो.

दुकान तसंच आहे. तेच लांब टेबल, तोच करकरणारा पंखा, छताला उलटे टांगलेले रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचे पंख. तू बसायचास त्या स्टुलावर ती बसली. चहा मागवला. कप उचलताना तिचा उजवा हात दिसला. मधली दोन बोटं कप धरत नाहीत, बाजूला ताठ उभी राहतात. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "आठ बोटांत सगळं भागतं, काका. ही दोन नुसती रुबाबासाठी ठेवलीत." मी हसलो. हसायला नको होतं, पण ती बोललीच तशी.

मग तिने सांगितलं. चार महिने ती तुझ्याकडे राहतेय आणि तू नातीला एकदाही उचललेलं नाहीस. पाळणा हलवायचा तर छत्रीच्या मुठीने ढकलतोस. गेल्या मंगळवारी ती अंघोळीला गेली असताना बाळ उताणं पडलं होतं, प्यायलेलं दूध वर आलं आणि त्याचा श्वास अडकला. तू एका हाताच्या अंतरावर उभा होतास. हात पाठीमागे धरून तिला हाका मारत होतास. ती ओल्या केसांनी धावत आली तेव्हा बाळाचे ओठ निळे पडले होते. बाळ वाचलं. तिने तुला विचारलं, उचललं का नाही. तू म्हणालास, माझ्या हातांचा भरवसा नाही.

ती दोन महिन्यांनी तिच्या घरी जाईल, पण नोकरी सुरू झाली की बाळाला दिवसभर तुझ्याकडेच ठेवायचं तिच्या मनात आहे. दुसरं कोण आहे तिला? आई राहिली नाही. ती म्हणते, "बाबा तिला हातात घेणार नसतील तर मी कोणाच्या जिवावर ठेवू?"

अरे, तुझं विमान पडून बिट्टीच्या हाताला लागलं, त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली. मोठा भाऊ म्हणून सांगतो, आता मनातून काढून टाक. अंगठा कोणाचाही सरकतो. रिमोटच्या कांडीवरून माझाही सरकला असता. बाळाला घे. काही होत नाही.

तुझी वहिनी आठवण काढते.

दादा


२२ जानेवारी

धाकट्या,

बिट्टीचा फोन आला होता. माझं पत्र तू उघडलंच नाहीस, म्हणून तिनेच ते तुला वाचून दाखवलं. "अंगठा कोणाचाही सरकतो" या वाक्यावर तू उठून गेलास म्हणे. जाताना म्हणालास, "बघ, दादालाही माहीत आहे सरकला ते." आणि तेव्हापासून छत्रीही कोपऱ्यात ठेवून दिलीस. आता पाळण्यापासून लांब, दारात खुर्ची टाकून बसतोस. म्हणजे मी समजूत घालायला गेलो आणि होतं ते आणखी बिघडवून बसलो.

तर आता नीट लिहितो. गेल्या आठवड्यात माळा आवरत होतो. तिथे जुन्या पेटीत तुझ्या त्या विमानाचा शेपटीचा सर्वो सापडला, मी बसवलेल्या राखणदारासकट. म्हटलं बघू तरी. आणि बघितल्यावर जे दिसलं ते तुला कळवायलाच हवं.

हे पत्रही बिट्टीच वाचणार असेल, म्हणून तिच्यासाठी थोडं फोड करून सांगतो. पोरी, सर्वो म्हणजे विमानात बसवलेली काडेपेटीएवढी मोटर. जमिनीवरच्या रिमोटचा हुकूम ती पाळते. तिला एक छोटा दांडा असतो, दांड्याला सळई, आणि सळईला शेपटीची पट्टी. रिमोटची कांडी मागे ओढली की पट्टी वर होते आणि विमान नाक वर करतं. सर्वो मोठा हट्टी. सांगितलेल्या जागी पोचेपर्यंत ढकलत राहतो. वाटेत काही अडलं तर गुणगुणतो, तापतो, आणि शेवटी आतली तार जळून जाते. त्या काळी विमानं उडवणाऱ्या आमच्या क्लबात महिन्याला दोन-तीन सर्वो जळायचे. लोक ते माझ्याकडे आणायचे आणि मी त्यांना आणि सर्वोंना सारखाच बोलायचो.

मग मला युक्ती सुचली. सर्वोच्या लाल तारेत मी एक चपट्या मण्यासारखा फ्यूज जोडला. सर्वो वाजवीपेक्षा जास्त करंट ओढायला लागला की मणी तापतो आणि वाट बंद करतो. गार झाला की वाट पुन्हा मोकळी. बदलावा लागत नाही, कोणाला काही करावं लागत नाही. क्लबवाल्यांनी त्याचं नाव राखणदार ठेवलं. सगळ्यांनी बसवून घेतले. अख्ख्या हंगामात एकही सर्वो जळला नाही. मी किती मिरवलो असेन ते तुझ्या वडिलांना विचार.

आता गेल्या आठवड्याचं. तो सर्वो आणि मणी एका पत्र्याच्या डब्यात घालून मी मागच्या पायरीवर उन्हात ठेवला. डबा चांगला तापल्यावर सर्वो चालू केला आणि त्याचा दांडा अडवून धरला. अकरा सेकंदांत सर्वो मेला. दांडा लुळा पडला, बोटाने इकडेतिकडे हलत होता. सावलीत आणला, आणि पाऊण मिनिटात पुन्हा ठणठणीत.

राखणदार तयार केला तेव्हा मी त्याची चाचणी या टेबलावर घेतली होती. पंख्याखाली. तिथे दांडा मिनिटभर अडवला तरी मणी वाट बंद करत नव्हता. छाती फुगवून मी ते सगळ्यांना दाखवलं. भर उन्हात, बंद विमानाच्या पोटात, इंजिनाच्या मागे तो मणी आधीच अर्धा तापलेला असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पन्नास वर्षं सोल्डर करतोय आणि पंखा बंद करून बघायचं सुचलं नाही.

विमान पडलं त्या दिवशी, धाकट्या, तू तीन लूप घेतलेस. तीन उभ्या गिरक्या, तिन्ही वेळा कांडी पूर्ण मागे. तिसऱ्या गिरकीच्या उतरणीवर मण्याने वाट बंद केली. राखणदाराने सर्वो वाचवला आणि विमान सोडून दिलं. तू ओरडला होतास, "कंट्रोल नाहीये." सगळ्यांनी ऐकलं होतं. नंतर सगळेच म्हणाले की विमान पाडणारा प्रत्येक जण हेच ओरडतो. पण तू खरं सांगत होतास.

तुझा अंगठा सरकला नव्हता. विमान लोक बसले होते त्या मंडपाच्या दिशेने गेलं, बिट्टीने चेहऱ्यापुढे हात धरला आणि विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या पात्याने तिची दोन बोटं निकामी झाली, यात तुझ्या हातांचा काही संबंध नव्हता.

मला हे आत्ता कळलं. आधी कळलं असतं तर आधी लिहिलं असतं.

दादा


३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. अठरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून तसंच, मापाच्या वहीत लिहितोस तसं बारीक आणि सरळ. सगळ्या कार्डावर एकच ओळ.

"जानेवारीत इतकं ऊन असतं का?"

नसतं.

दोन दिवस कार्ड टेबलावर होतं. मी त्याच्यावर पक्कड ठेवली, मग स्क्रूचा डबा ठेवला. तुझ्या वहिनीने डबा उचलला आणि वाचलं. तिला कळलं नाही, मला विचारलं, आणि मी सांगितलं. तुझ्याआधी तिला सांगितलं, याचाही राग येऊ दे तुला.

ते ऊन मे महिन्याचं होतं. अपघातानंतरचा चौथा दिवस. माळा, जुनी पेटी, सगळं मी रचलेलं. मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्यही खोटं.

रविवारी विमान पडलं. मोडलेलं धड तिघाचौघांनी माझ्या दुकानात आणलं. संध्याकाळ झाली होती, सगळं गार पडलेलं. मी सर्वांसमोर रिमोट चालू केला, पट्टी वर-खाली केली आणि म्हणालो, "बघा, व्यवस्थित चालतंय." तेवढ्यावर निकाल लागला. गणिताच्या मास्तरांनी क्लबच्या वहीत लिहिलं, चालकाची चूक.

सोमवारी दवाखान्याच्या जिन्याजवळ मी तुला काय बोललो ते तुला आठवतंय, मलाही आठवतंय. तुझी बायको शेजारी उभी होती. पोरीचं ऑपरेशन चालू होतं. मी म्हणालो, "तिसरा लूप कोणाला दाखवायचा होता?" तोवर मला खरंच वाटत होतं की चूक तुझी आहे. म्हणजे तेवढं एक वाक्य मी खोटेपणाने बोललो नाही. याचा उपयोग काही नाही, पण लिहून ठेवतो.

मंगळवारपासून मनात एक गोष्ट टोचायला लागली. उडवायच्या आदल्या दिवशी तू दुकानात आला होतास. म्हणालास, "दादा, कांडी पूर्ण मागे ओढली की सर्वो गुणगुणतोय. सळई जरा लांब झालीये का?" सळई काढून दोन फेरे आत घ्यायचं काम होतं. पाच मिनिटांचं. मी दुसऱ्या कामात होतो. मी म्हणालो, "राखणदार बसवलाय ना? मग गुणगुणू दे की."

चौथ्या दिवशी, भर दुपारी, मी तुझ्या विमानाचं धड मागच्या पायरीवर उन्हात ठेवलं. डबा वगैरे काही नव्हता. तासाभराने हात आत घातला तर आत भट्टी झालेली. सर्वो चालू केला, दांडा धरला. अकरा सेकंद. तेवढं मागच्या पत्रात खरं होतं. मी ते पाच वेळा केलं. पाचव्यांदा दहाच सेकंद लागले.

मग मी काय केलं ते ऐक. दुसऱ्याच दिवशी क्लबातल्या सगळ्यांना सांगितलं की राखणदारात एक सुधारणा करायची आहे, आपापली विमानं घेऊन या. एकतीस विमानांतून एकतीस मणी मी स्वतः कापून काढले. वर छातीठोकपणे सांगितलं की आता नवीन सर्वो येतात, त्यांना याची गरज नाही. म्हणजे मला कळलं होतं, धाकट्या. इतकं पक्कं कळलं होतं की मी एकही मणी कोणाच्या विमानात राहू दिला नाही. फक्त सांगितलं नाही.

भीती वाटली. पोलीस वगैरे नाही, नुसती लाज. राखणदार म्हणजे माझं नाव झालं होतं तिथे. वाटलं, पोर घरी येऊ दे मग सांगू. मग वाटलं, टाके निघू देत. मग तू दुकानात आलास.

ते सगळ्यात वाईट. आठवा दिवस होता. तू स्टुलावर बसलास आणि म्हणालास, "दादा, मला आता आठवतंय. हाताला घाम आला होता. कांडीवरून अंगठा घसरला. मला जाणवलं होतं ते." तू अंगठा असा हवेत धरून दाखवलास, कसा घसरला ते. तुला काही जाणवलेलं नव्हतं, रे. सात दिवस सगळ्यांनी मिळून सांगितलं म्हणून तुला ते आठवायला लागलं होतं. तुझ्यासमोर बसून मी ते ऐकलं. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. मी मान डोलावली आणि तुला पाणी दिलं.

त्यानंतर महिन्याभरात तू गाव सोडलंस. शिवणकामातली कात्री कायमची खाली ठेवलीस हे मला कापडाच्या व्यापाऱ्याकडून कळलं. तो हळहळत होता. म्हणाला, खडूची रेघ न मारता कोट कापणारा माणूस काउंटरवर बसून मापं लिहितो. मी म्हणालो, "असेल काही कारण." असं म्हणालो मी. तोंड वर करून.

तुझी बायको गेली तेव्हा मी आलो नाही, दोन ओळी पाठवल्या. तुला वाटलं असेल, दादाचा राग अजून गेला नाही. राग कसला? तुझ्या समोर उभं राहायची हिंमत नव्हती.

तुझी वहिनी सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंत तर तो वर्षभर तुमच्याशी बोलला नसता. मग बोलला असता." आणि उठून आत गेली. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं आहे.

माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याने काहीतरी द्यावं अशी अपेक्षा राहते. तू फक्त बाळाला घे.

दादा


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. बिट्टी म्हणाली की पत्र तू या वेळी स्वतः वाचलंस, दोनदा, आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलंस. बाळाला अजून घेतलेलं नाहीस. म्हणालास, "दादा माझ्या समाधानासाठी काहीही लिहील." आता एवढी वर्षं खोटं बोललेल्या माणसाच्या खऱ्यावर कोण विश्वास ठेवणार. म्हणून सोबत पार्सल पाठवतोय. माझ्यावर नको, वस्तूवर विश्वास ठेव.

त्याआधी रविवारचं सांगतो. सकाळी मैदानावर गेलो. चौदा जण होते. त्या वेळचे म्हणावेत असे दोघेच, गणिताचे मास्तर आणि दाताचे डॉक्टर. बाकी सगळी नवी मंडळी. मी मंडपाखाली उभा राहिलो, कागदावर लिहून नेलेलं वाचलं. वाचून झालं. मग एकाने शेजाऱ्याला विचारलं, "कोणता अपघात?" दुसऱ्याला फ्यूज किती अँपिअरचा होता ते जाणून घ्यायचं होतं. दाताचे डॉक्टर म्हणाले, "बसा, काका, चहा घ्या." आणि मास्तर, ज्यांना मी इतकी वर्षं टाळत होतो, ते चष्मा पुसत म्हणाले, "एवढंच होतं? तेव्हाच सांगितलं असतंत तर आम्ही दुसरा फ्यूज लावला असता."

ज्या नावासाठी मी तुला बुडवलं ते नाव तिथे कोणाला माहीतही नाही. राखणदार हा शब्द ऐकून ते हसले. मला ते सोल्डरवाले काका म्हणतात.

मास्तरांनी जुनी वही घरून आणवली. तुझ्या नोंदीतल्या "चालकाची चूक" या शब्दांवर रेघ मारली आणि खाली लिहिलं, "राखणदाराने वाट बंद केल्यामुळे. चालकाचा दोष नाही." खाली माझी सही. त्या पानाची प्रत पार्सलमध्ये आहे.

आता चाचणी. तुझा सर्वो आहे, त्याच्या लाल तारेत मणी आहे. तुझ्या विमानाचाच. बाकीचे एकतीस मी टाकून दिले, हा का ठेवला ते विचारू नकोस. बॅटरी भरून पाठवलीय. एक छोटी डबी आहे, तिचं बटण फिरवलं की सर्वोचा दांडा फिरतो. रिमोटची गरज नाही. ऊन नाही, म्हणून बिट्टीचं केस वाळवायचं यंत्र घे आणि मणी अर्धा मिनिट तापव. मग बटण पूर्ण फिरव आणि दांडा अंगठ्याने अडवून धर. तुझ्या अंगठ्याने. घड्याळ समोर ठेव. सर्वो आधी गुणगुणेल, मग एकदम गप्प होईल. दांडा लुळा पडेल. यंत्र बंद कर आणि थांब. तो आपोआप पुन्हा जिवंत होईल, जसा त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर झाला.

एकदा करून थांबू नकोस. एकदा झालं तर तू म्हणशील योगायोग. हवं तितक्या वेळा कर.

आताचे सर्वो पुष्कळ शहाणे झालेत. अडकले तर आतल्या आत जोर कमी करतात, पण धरलेलं सोडत नाहीत. तेच बरोबर आहे. हवेत असताना सर्वो जळला तर जळू द्यावा, त्याला वाचवायला वाट बंद करू नये. आणि खरा उपाय त्याच्याही आधीचा. सळई मापात ठेवायची, म्हणजे अडकायची वेळच येत नाही. तू तेच विचारायला आला होतास.

दादा


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

आज दुपारी बिट्टीचा फोन आला. बराच वेळ बोलली. तिने सांगितलं ते तुला माहीतच आहे, पण मी ते लिहितोय कारण मला ते लिहून बघायचंय.

पार्सल तीन दिवस तू उघडलं नाहीस. चौथ्या दिवशी जेवणानंतर टेबल पुसलंस, फडकं अंथरलंस आणि सगळं ओळीने मांडलंस. यंत्र तिला धरायला लावलंस. पहिल्या वेळी नऊ सेकंदांत सर्वो मेला. मणी गार होईपर्यंत थांबलास, दांडा परत उभा राहिला, आणि म्हणालास, "पुन्हा." ती म्हणते, सतरा वेळा. तिचा हात अवघडला, मग यंत्र उशीला टेकवून ठेवलं. सतराही वेळा तुझा अंगठा दांड्यावरून हलला नाही. शेवटी बॅटरी संपली.

तू तसाच बसून राहिलास. मग बाळ उठलं. ती जायला निघाली तर तू हाताने थांबवलंस. हात साबणाने धुतलेस, पुसलेस, पाळण्याशी गेलास. एक हात मानेखाली, एक पाठीखाली. ती म्हणाली, "काका, त्यांना कोणी शिकवायला लागलं नाही." बाळ तुझा चष्मा ओढत होतं. तासाने दूध पाजायला म्हणून तिने मागितलं तर तू म्हणालास, "थांब. आत्ता तर घेतलंय."

हे ऐकून मी दुकानात बसल्या जागी रडलो. एक गिऱ्हाईक उभं होतं, ते निघून गेलं.

मला वाटलं, आता ती फोन ठेवेल. पण तिने ठेवला नाही. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "तुम्हाला एक विचारायचंय." मोठे काका म्हणाली नाही.

म्हणाली, "मी अकरा वर्षांची होते. त्या दिवसानंतर बाबांनी मला हात लावला नाही. ताप आला तर कपाळावर हात ठेवायला आईला हाक मारायचे. सायकल शिकताना मागून धरलं नाही. परीक्षेत पहिली आले तेव्हा लांबूनच शाबास म्हणाले. मला वाटायचं, माझी बोटं त्यांना बघवत नाहीत. किळस येत असेल. मी हात ओढणीखाली लपवायचे त्यांच्यासमोर. अजून लपवते. बाळाला घेतलं ते चांगलंच झालं. पण माझं काय करायचं ते सांगा तुम्ही."

अठरा वर्षं सारवासारव करत आलेला माणूस मी, या वेळी म्हणालो, "मला ठाऊक नाही, पोरी." मग हळूच म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

मी तुझं नुकसान केलं एवढंच मला ठाऊक होतं. तुझ्या हाताचं, कामाचं, आपल्या नात्याचं. तिचं झालं ते दोन बोटांचं, असं मी धरून चाललो होतो. दुकानात आली तेव्हा तिने रुबाबाची थट्टा केली आणि मी हसलो.

हे ती तुला विचारणार नाही. तिने ते मला विचारलं, कारण माझ्यावर रागावणं तिला सोपं आहे. तुझ्यावर रागावायला तिने अजून सुरुवातही केलेली नाही. शनिवारी बाळाला घेऊन ती तिच्या घरी निघेल. हे पत्र तुला शुक्रवारी मिळावं म्हणून आत्ताच टाकायला चाललोय. तू वाचत असशील तेव्हा ती पलीकडच्या खोलीत कपडे भरत असेल.

माझ्याबद्दल काय ते नंतर ठरव. नाही ठरवलंस तरी चालेल, आणि मला काही लिहूही नकोस. पत्र आता खाली ठेव आणि आत जा. ती काय करतेय ते विचारू नकोस, तिचा उजवा हात धर.